डाग न धरणाऱ्या कपड्यावर पाणी मुरायला लागलं तर

डाग न धरणारी पँट किंवा जॅकेट काही धुण्यांनंतर पाणी शोषायला लागतं आणि आपण समजतो, कोटिंग (कपड्यावरचा पाणी-डाग अडवणारा थर) गेलं. बरेचदा ते गेलेलं नसतं, साबणाच्या थराखाली झाकलेलं असतं. म्हणून कपडा टाकून देण्याआधी हे करून बघा.

१. नेहमीपेक्षा निम्मं लिक्विड डिटर्जंट घालून कोमट पाण्यात धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. कपडा मऊ करणारा त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी, तेल दोन्ही धरून ठेवतो. सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. ब्लीचही टाळा.

२. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. हे दुसरं खळबळणं चुकवू नका, खरा फरक इथेच पडतो.

३. वाळल्यावर उष्णता द्या: ड्रायरमध्ये मंद आचेवर साधारण २० मिनिटं, किंवा वर सुती कापड ठेवून कमी तापमानाची इस्त्री, वाफ बंद ठेवून. उष्णतेने कोटिंग पुन्हा नीट बसतं.

आता थेंबभर पाणी टाका. मोत्यासारखं घरंगळलं की काम झालं. मुरलंच, तर कोटिंग खरंच झिजलंय. वॉटरप्रूफिंग स्प्रे मारावा लागेल, तोही मोकळ्या हवेत.

आणि काही सांडलं तर चोळू नका, टिपून घ्या. चोळल्याने डाग कोटिंगच्या आत दाबला जातो.

इस्त्रीआधी आतलं लेबल जरूर वाचा. इस्त्रीच्या चित्रावर फुली असेल तर इस्त्री करू नका.