लुमेन फील्डवर घसा कधी फोडायचा

सिएटलच्या लुमेन फील्डवर अमेरिकन फुटबॉल बघायला पहिल्यांदा येणारे बरेच जण आपल्या सीहॉक्स संघाकडे चेंडू आला की ओरडायला लागतात. हे कृपा करून टाळा. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा खेळाडू, तेव्हा पुढच्या फळीमागून हाका देत असतो आणि त्या त्याच्याच माणसांना ऐकू जायला हव्यात. चेंडू पुढे गेला की मग हवा तेवढा जल्लोष करा.

घसा राखून ठेवायचा तो पाहुण्यांकडे चेंडू असतानासाठी. एक चाल संपली की पुढची सुरू करायला प्ले क्लॉक या घड्याळावर ४० सेकंद सुरू होतात. त्यातले १५ उरेपर्यंत प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये बोलू शकतो, पुढे ते बंद. म्हणून हडलपासूनच, म्हणजे ते चाल ठरवायला घोळका करतात तेव्हापासूनच, सुरू व्हा. क्वार्टरबॅकने हेल्मेटवर कानाशी हात दाबले, की त्याला नीट ऐकू येत नाहीये. आणखी चढवा! आणि स्नॅप होईपर्यंत, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे जाऊन चाल सुरू होईपर्यंत, सोडू नका. माझ्या आजूबाजूचे लोक शेवटच्या काही सेकंदांत दम खातात, तेव्हा मला फार हळहळ वाटते, कारण खरी गडबड तिथेच उडते.

कशी, ते बघा. हाक ऐकू येत नाही म्हणून पाहुणे सायलेंट काउंटवर, म्हणजे हाकेऐवजी खुणेवर, जातात. पुढच्या फळीतला गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, शेजारच्या, फळीच्या मधोमध असलेल्या सेंटरला थोपटतो, मग सेंटर चेंडू मागे देतो. फळीच्या कडेला असलेल्या टॅकल या खेळाडूला चेंडूवर नजर ठेवावी लागते, तो क्षणभर उशिरा उठतो, आणि तेवढ्यात क्वार्टरबॅकवर धावून जाणारा आपला पास रशर त्याला वळसा घालून निघालेला असतो. त्यांच्यातलं कोणी घाईने आधीच हललं, तर तो फॉल्स स्टार्टचा फाउल, संघ ५ यार्ड मागे. २००५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने इथे एकाच सामन्यात असे ११ केले. मैदानातल्या अकरांच्या जोडीला बारावा खेळाडू म्हणून १२ नंबरची जर्सी क्लबने १९८४ मध्येच प्रेक्षकांच्या नावे केली आहे, आणि तो मान आपण कमावलेला आहे. प्रेक्षक नसले की काय होतं तेही बघा: २०२०च्या मोसमात लीगची बहुतेक स्टेडियमं रिकामी किंवा जवळजवळ रिकामी होती, तेव्हा यजमान संघ १२७ सामने जिंकले आणि १२८ हरले, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदाच उरला नाही.

पूर्ण जोर थर्ड डाउनला लावा, म्हणजे १० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला. किंचाळू नका, पोटातून, खालच्या पट्टीत लांब आवाज काढा, म्हणजे घसा चौथ्या, शेवटच्या क्वार्टरपर्यंत पुरतो. इअरप्लग मात्र घालाच. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेडवर २०१४ मध्ये १४२.२ डेसिबल मोजले गेले होते. सिएटलही फार मागे नाही. लहान मुलांना इअरप्लग नीट बसत नाहीत, त्यांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ द्या, आणि तेही आत शिरण्याआधीच.