तळं खोदताय की वाढवताय? बुडाला हात लावण्याआधी या चुका टाळा

आमचं जुनं तळं खोल नव्हतं, पण भरलं की पाणी उन्हाळा संपेपर्यंत तग धरायचं. ते तळाला गेलं तेव्हा मला वाटलं, आता यंत्र आणून मीटरभर खाली नेऊ, म्हणजे तेवढंच पाणी जास्त. चालकाने दोन दिवसांत देखणा खड्डा करून दिला. पावसात तो काठोकाठ भरला आणि महिन्याच्या आत पाणी गुडघ्याएवढं उरलं.

वर्षानुवर्षं तळाशी बसलेला चिकण गाळ हाच त्या तळ्याचा लेप होता. तो मी खरवडून फेकला आणि खालचा मुरूम उघडा केला. मडकं मोठं करायचं म्हणून त्याचं बूडच काढून टाकलं, असा प्रकार.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: खाली काय आहे ते न पाहता खोल जाणं. यंत्राचं भाडं तासावर चालू असतं, त्यामुळे खड्ड्यात मुरूम किंवा वाळूचा पट्टा दिसला तरी कोणी थांबत नाही. यंत्र येण्याच्या आधीच तळ्याच्या जागेत चार-पाच ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या, आणि तेही ठरवलेल्या तळाच्या निदान दोन-तीन फूट खाली. एकच खड्डा घेऊन समाधान मानू नका. वाळूची शीर दहा पावलांवरही असू शकते.

प्रत्येक थरातली मूठभर माती बाजूला घ्या, खडे काढा, ओली करून मळा. मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत तिची पट्टी बाहेर काढा. पट्टी पाच सेंटीमीटरच्या पुढे न तुटता लोंबली, तर माती चिकण आहे आणि पाणी धरेल. दोन-अडीच सेंटीमीटरलाच तुटत असेल, तर नुसत्या दाबणीवर विसंबू नका. पट्टीच होत नसेल आणि हाताला खरखर लागत असेल, तर त्या थराच्या वरच थांबा किंवा अस्तराची तयारी ठेवा.

जुनं तळं वाढवताना तळ चांगला असेल आणि खालचा थर पाझरणारा असेल, तर खोली सोडा, रुंदी वाढवा. त्यातही अडचण आहे, कारण पसरट तळ्यातून बाष्पीभवन जास्त होतं. तरीही गळक्या खोलीपेक्षा मी रुंदीच निवडेन. खोल जायचंच असेल, तर तळाचा चिकण थर वेगळा काढून ठेवा आणि खोदाई झाल्यावर परत अंथरा. दाबून झाल्यावर तो निदान ३० सेंटीमीटर भरला पाहिजे, आणि पाणी तीन मीटरहून खोल असेल तर त्याहून जाड. अंथरल्यावर उन्हात उघडा टाकू नका. भेगा पडल्या की केलेलं सगळं वाया.

पाणी गळतंय की उडतंय?

तळं उतरायला लागलं की लोक लगेच बेंटोनाइटच्या, म्हणजे ओली झाली की फुगून गळती बुजवणाऱ्या चिकणमातीच्या, गोण्या आणतात. आधी एक बादली आणा. काठाजवळच्या उथळ पाण्यात ती दगड घालून घट्ट उभी करा आणि आतलं पाणी बाहेरच्या पातळीला आणा. दोन्हीकडे खूण करा. तीन-चार दिवस तळ्यात पाणी येऊ-जाऊ देऊ नका. मध्येच पाऊस झाला तर पुन्हा सुरुवात करा. जनावरं बादलीत तोंड घालणार नाहीत एवढंही बघा. बादली दोन सेंटीमीटर उतरली आणि तळं पाच, तर वरचे तीन सेंटीमीटर जमिनीत गेले. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात एक सेंटीमीटर म्हणजे ९,००० लिटर, म्हणजे हा आकडा किरकोळ नाही. दोन्ही सारखंच उतरलं असेल तर दोष उन्हाचा आणि वाऱ्याचा. उष्ण, कोरड्या भागात वर्षाला दीड-दोन मीटर पाणी असंच उडून जातं.

उतरण्याची तऱ्हाही बोलकी असते. पाणी एका पातळीपर्यंत भराभर येऊन तिथेच थांबत असेल, तर भोक त्या पातळीच्या आसपास शोधा: कुजलेलं मूळ, खेकड्याचं बीळ, पाइपाची कड किंवा जुन्या-नव्या मातीचा सांधा. उतरणं थांबतच नसेल तर संशय तळावर घ्या. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी पाझर दिसला तर त्याचा रंग पाहा. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर पाणी बांधातली माती सोबत आणतंय. पातळी बेताबेताने खाली घ्या आणि जाणकाराला बोलवा. घाबरून एकदम उपसा करू नका, कारण भिजलेला उतार आधार गेल्याबरोबर आत घसरतो.

बेंटोनाइट वापरायचंच ठरलं, तर भरल्या तळ्यात वरून फेकून भरवशाचा परिणाम मिळत नाही. तळ कोरडा करून, मातीच्या प्रतीप्रमाणे चौरस मीटरला साधारण ५ ते १५ किलो, वरच्या १५ सेंटीमीटर मातीत मिसळून दाबावं लागतं.

बांध रचला म्हणजे झाला नाही

खोदलेली माती कडेला ओतली, यंत्र दोनदा वरून फिरवलं आणि बांध तयार, हे फार ठिकाणी पाहिलंय. साखळीचं यंत्र चिखलात रुतू नये म्हणून त्याचं वजन मुद्दाम पसरवलेलं असतं. ते दाबणार काय? माती किंचित ओली ठेवून १५-२० सेंटीमीटरचे थर टाका आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवा. त्याआधी बांधाच्या जागेवरची गवत-मुळांची वरची माती काढा आणि मधोमध, घट्ट थरापर्यंत चर खणून चिकणमातीने भरा. ही चर दिसत नाही, म्हणून तीच वगळली जाते.

जुन्या बांधाला नवा भराव जोडताना जुन्या उतारावर पायऱ्या कापून घ्या. गवतावरच माती टाकली तर तो सांधा कधीच एकजीव होत नाही. आणि बांधावर झाडं नकोत, गवत हवं. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला तयार बोगदा मिळतो.

हिशेबाची चूक

३० × ३० मीटर, खोली ३, म्हणजे २,७०० घनमीटर असं कागदावर मांडलं जातं. पण बाजू उभ्या ठेवता येत नाहीत. उतार २:१ धरला, म्हणजे मीटरभर खोलीला दोन मीटर आडवं, तर तळ १८ × १८ चाच उरतो आणि पाणी १,७६४ घनमीटर. तिसरा हिस्सा गेला! हे कळलं की उतार उभा करायचा मोह होतो. पहिल्याच पावसात काठ ढासळून तळ्यात बसतो. काढलेल्या मातीचा ढीग काठावर ठेवला तरी तेच, म्हणून तो चार-पाच मीटर लांब टाका.

येणाऱ्या पाण्याचाही हिशेब करा. एक हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा भाग वाहून आला, तर तळ्यात ५०,००० लिटर येतील. एवढं तळं त्यातून भरायला तसे पस्तीस पाऊस लागतील. पाणलोट, म्हणजे जिथून पाणी वाहून येतं ती जमीन, लहान असेल तर मोठा खड्डा नुसता खड्डाच राहतो.

सांडवा

बांध फुटतो तो बहुधा माथ्यावरून पाणी गेल्याने. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, नव्या भरावातून काढू नका. बाजूच्या न खणलेल्या जमिनीतून काढा, रुंद आणि गवताळ. पूर चालू असतानाही बांधाचा माथा पाण्याच्या निदान एक-दोन फूट वर राहिला पाहिजे. आणि भराव वर्षभरात बसतो, म्हणून पाच ते दहा टक्के उंची आधीच जास्त द्या.

उरलं ते थोडक्यात. पाणी आत येतं तिथे गाळ बसायला छोटा खड्डा ठेवा, तो उपसणं सोपं असतं. खोदण्याआधी जमिनीखालच्या केबल आणि पाइप, डोक्यावरच्या तारा, हद्द आणि परवानगी तपासा. प्लास्टिक अस्तर घातलं असेल तर त्या ओल्या, निसरड्या प्लास्टिकवरून धडधाकट माणूसही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, कुंपण घाला आणि हे काम पाणी भरण्याच्या आदल्या दिवशीच संपवा.