हाताच्या ऑपरेशननंतर ४४ मॅग्नमकडे परत कसं यायचं

अमेरिकेत येऊन नेमबाजीच्या रेंजची सवय लागली आणि मग २२, ९ एमएम अशी हलकी काडतुसं करत करत मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचले असे आपले बरेच लोक मला भेटतात, आणि वय वाढलं की त्यातल्या कुणाचं कार्पल टनेलचं ऑपरेशन होतं, कुणाचा अंगठ्याच्या मुळाचा सांधा जातो, कुणी बर्फावर घसरून मनगटात प्लेट घालून घेतं. मग एकच प्रश्न, आता ४४ मॅग्नम (जबर धक्क्याच्या काडतुसाचं मोठं रिव्हॉल्व्हर) विकून टाकू का? माझं स्पष्ट उत्तर, घाई करू नका. पण परत यायचं ते दम दाखवून नाही, काडतूस हलकं करून.

आधी धक्का नेमका कुठे बसतो ते बघा. रिव्हॉल्व्हरची नळी हाताच्या बरीच वर असते, त्यामुळे गोळी सुटली की बंदूक नुसती मागे येत नाही, वर उसळते. मूठ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घुसते, अंगठ्याच्या मुळावर सगळा भार येतो आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला झटक्यात वाकतं. म्हणजे ऑपरेशन जिथे झालेलं असतं बरोबर तिथेच.

कार्पल टनेलमध्ये तळहाताच्या बुडाशी असलेली आडवी पट्टी कापतात. टाके दहा-चौदा दिवसांत निघतात, वरून सगळं बरं दिसतं, पण तळहाताच्या बुडाला दोन्ही बाजूंनी जे खोल दुखतं ते महिनोन्महिने राहू शकतं आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठीची खालची कड नेमकी तिथे रुतते. पकडीची ताकद यायला साधारण तीन महिने धरा. मनगटातल्या प्लेटचं तसं नाही, हाड दीड-दोन महिन्यांत जुळतं पण आजूबाजूचे स्नायू आणि मनगटाचं वळणं परत यायला सहा महिने ते वर्ष जातं. अंगठ्याच्या मुळातलं छोटं हाड काढून तिथे स्वतःचाच टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) गुंडाळून बसवलेला असेल तर सगळ्यात सांभाळून, तिथे सहा महिने ते वर्ष लागतंच आणि फुल पॉवर मॅग्नम परत मारायचं की नाही हे सर्जनशी बोलल्याशिवाय ठरवूच नका. मनगट फ्यूज केलेलं (हाडं कायमची जोडून टाकलेलं) असेल तर ते वाकून धक्का जिरवत नाही, तो थेट कोपर-खांद्याकडे जातो, हेही लक्षात ठेवा.

सर्जनला नुसतं "बंदूक चालवू का" असं विचारू नका, बऱ्याच डॉक्टरांच्या डोळ्यासमोर २२ किंवा ९ एमएम येते आणि ते हो म्हणून मोकळे होतात. नीट सांगा, दीड किलो वजन हात लांब करून धरायचंय आणि प्रत्येक वेळी ते झटक्यात मागे आणि वर येणार आहे. हँड थेरपिस्टकडे पकड मोजायचं यंत्र असतं, दोन्ही हातांचे आकडे मागून घ्या. माझं मत असं की ऑपरेशन झालेला हात दुसऱ्या हाताच्या निदान ऐंशी टक्क्यांवर आल्याशिवाय २२ च्या पुढे जाऊच नये. आणि जोवर ओपिऑइडवाल्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत किंवा तर्जनी बधिर आहे तोवर रेंजचं नावच काढू नका, ट्रिगरचा स्पर्श बोटाला कळत नसेल तर तो माणूस शेजारच्या लेनला धोका आहे.

घरी बसून करता येतं ते म्हणजे ड्राय फायर, रिकाम्या बंदुकीचा ट्रिगर ओढायचा सराव. बंदूक रिकामी आहे का ते दोनदा बघा, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडरमध्ये (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यात) स्नॅप कॅप म्हणजे नकली काडतुसं घाला. डबल ॲक्शनचा (ज्यात ट्रिगरच हॅमरही मागे नेतो) ट्रिगर ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो, हॅमर म्हणजे बंदुकीचा घोडा आधी मागे ओढून सिंगल ॲक्शन केलं तर दीड-दोन किलो. ट्रिगर फिंगरचं (वाकवलेलं बोट अडकून बसतं त्या आजाराचं) ऑपरेशन झालेलं असेल तर सिंगल ॲक्शननेच सुरुवात करा, पण अंगठ्याचं झालेलं असेल तर उलटं, हॅमर ओढतानाच दुखतं, मग तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ओढायचा.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे रिव्हॉल्व्हरवाले नशीबवान आहेत. सेमी ऑटो पिस्तुलाला पुढची गोळी भरायला रिकॉइल म्हणजे हा धक्का लागतोच, फार हलकं काडतूस घातलं तर ते अडकतं. रिव्हॉल्व्हरला काही फरक पडत नाही, सिलिंडर तुमच्या बोटाच्या जोराने फिरतो, काडतूस कितीही हलकं असो. आणि ४४ मॅग्नमच्या बंदुकीत ४४ स्पेशल (तेवढ्याच जाडीचं पण आखूड आणि हलकं काडतूस) चालतं, तसंच ३५७ मॅग्नममध्ये ३८ स्पेशल चालतं. (उलटं कधीच नाही, मॅग्नम मुद्दाम लांब केलंय ते त्यासाठीच.) ४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (साधारण साडेपंधरा ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण तेराशे फुटांनी जाते, ४४ स्पेशलची जवळपास तेवढ्याच वजनाची गोळी साडेसातशे फुटांनी. त्याच बंदुकीत धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाच्याही खाली येते. बंदूक तीच, मूठ तीच, ट्रिगर तोच, फक्त मार कमी, हाताला शिकवायला याहून चांगलं काय हवं?

म्हणून क्रम असा, आधी २२ चं जड रिव्हॉल्व्हर, मग ३५७ च्या स्टीलच्या बंदुकीतून ३८ स्पेशल, मग ४४ मधून काउबॉय लोड (मुद्दाम हलकं भरलेलं काडतूस) किंवा साधं ४४ स्पेशल, आणि त्यानंतरच मॅग्नम, तेही आधी हलकं लोड. भारतात सामान्य लायसन्सवर ३२ बोअर मिळतं, तेवढंच चालवून इथे आलेल्यांनी तर ऑपरेशन झालेलं नसलं तरी याच वाटेने जावं. पहिल्या दिवशी दहा-बारा गोळ्या पुरे. आणि मॅग्नमवर आलात की सिलिंडरमध्ये एकच गोळी भरायची, बाकीची घरं रिकामी. पकड कमजोर असली की बंदूक उसळून परत हातात बसते तेव्हा बोट नकळत ट्रिगर ओढतं आणि दुसरी गोळी छताकडे जाते. ५०० एसअँडडब्ल्यूसारख्या, ४४ मॅग्नमहूनही कितीतरी जबर काडतुसाच्या राक्षसाच्या बाबतीत हा धोका खरा आहे.

एक काम विसरू नका. आखूड काडतुसं मारली की चेंबरच्या (सिलिंडरमधल्या घराच्या) आत, त्या काडतुसाचं तोंड जिथे संपतं तिथे काजळीचं कडं जमतं. त्यावर मॅग्नम घातलं तर ते अडखळत जातं किंवा रिकामं टरफल निघता निघत नाही, आणि मग ते काढायला एजेक्टर रॉडवर तळहात आपटला की व्रणावरच बसतो. ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून प्रत्येक चेंबर घासा, मगच मॅग्नम.

बंदुकीचं वजन दुप्पट झालं की धक्क्याची ऊर्जा निम्मी होते, साधं गणित आहे. स्मिथ अँड वेसनचं स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं ३२९पीडी जेमतेम सातशे ग्रॅमचं, तेही ४४ मॅग्नममध्ये. कमरेला लावून डोंगर चढायला छान, पण ऑपरेशन झालेल्या हाताला ते देऊ नका. रूगर सुपर रेडहॉक दीड किलोचं आहे, तेच घ्या. मूठ रबरी हवी, आणि मुठीमागची धातूची पट्टी पूर्ण झाकणारी हवी, बऱ्याच ग्रिप ती उघडी ठेवतात आणि मग धातू थेट बेचक्यावर आदळतो. सिंगल ॲक्शनची जुन्या धाटणीची गोल मूठ हातात वर सरकते, त्याने मनगट कमी वाकतं म्हणून काहींना सोसते, पण ट्रिगर गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर ठोकतो. दोन्ही हातात धरून बघा. जेल पॅडचा ग्लव्ह वापरा, त्यात लाज कसली. नळीला पोर्टिंग केलं (तोंडाशी वायू वर सोडायला भोकं पाडली) तर उसळी कमी होते पण आवाज वाढतो, कानात प्लग आणि वर मफ दोन्ही घाला.

पकड उंच घ्या, कोपरं किंचित वाकलेली, मनगट सरळ हाताच्या रेषेत. पिस्तुलासारखे अंगठे पुढे लांबवायचे नाहीत, सिलिंडर आणि नळीच्या फटीतून जो गरम वायू बाजूला फुटतो तो बोट फाडू शकतो. जोर दुसऱ्या हाताने जास्त लावा, ऑपरेशन झालेल्या हाताने पकड पक्की ठेवा पण आवळू नका.

कितपत जमलं ते रेंजवर कळत नाही, तिथे उत्साह असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीचं झाकण उघडून बघा. थोडं आंबल्यासारखं वाटलं आणि संध्याकाळपर्यंत गेलं तर ठीक, पुढच्या वेळी तेवढंच मारा. सूज असेल, बोटांना मुंग्या येत असतील, व्रण लाल असेल तर एक पायरी खाली या, आणि मुंग्या दोन-तीन दिवसांत गेल्या नाहीत तर सर्जनला फोन करा.

आणि समजा वर्षभराने पण हात मॅग्नमला नाहीच म्हणाला, तर ४५ कोल्ट बघा. १८७३ पासूनचं काडतूस आहे, २५५ ग्रेनची गोळी साडेआठशे फुटांच्या आसपास, जड बंदुकीतून मारलं तर ठोसा नाही, नुसता ढकलल्यासारखा धक्का लागतो, आणि भोक मात्र ४४ पेक्षा मोठंच पडतं.