घोड्याला हगवण लागली? या चुका टाळा

कोल्हापुरात घोडा पाळणाऱ्याच्या दारात बहुतेक म्हैसही असतेच. त्यामुळे घोड्याची लीद पातळ झाली की हात आधी जातो गोठ्याच्या कोनाड्यातल्या, म्हशीसाठी आणून उरलेल्या अँटिबायोटिकच्या बाटलीकडे. लग्नसराई होती, दोन दिवसांवर वरात, म्हणून मीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी घोडीच्या मागच्या पायांवरून नुसतं पाणी वाहत होतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "काय टोचलंस?"

म्हशीचा चारा पुढच्या पोटात आंबतो, घोड्याचा मागे, मोठ्या आतड्यात. तिथले चारा पचवणारे जंतू अँटिबायोटिकनं मेले की पचनच बसलं. उसात तणनाशक मारल्यावर बारीक गवत जळतं आणि लव्हाळा मोकळ्या रानात फोफावतो ना, तसे साल्मोनेला नाहीतर क्लॉस्ट्रिडियम हे हगवणीचे जंतू आतड्यात माजतात. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण जंतू प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या वेटोळ्यातून दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात. ई. कोलाय या आतड्यातल्याच जंतूचा गुण साल्मोनेलाला मिळाला, की तेच इंजेक्शन पुढच्या वेळी पाणी टोचल्यासारखं.

कोंबड्यांची लिंकोमायसिन या अँटिबायोटिकची पावडर तर तबेल्यात आणूच नका. चंदीत थोडी मिसळली तरी घोडा दगावू शकतो.

"पाणी तोडा, लीद घट्ट होईल" हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. एक बादली साध्या पाण्याची, दुसरी मीठ घातलेल्या पाण्याची ठेवा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर घडी लगेच मोडत नसेल, ताप 38.5 सेल्सिअसच्या वर गेला असेल किंवा खूर गरम लागत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. मोठ्या घोड्याला बहुतेक वेळा तारतं ते सलाईनच. तान्ह्या शिंगराचं वेगळं. आठवडा-दोन आठवड्यांचं, दूध पिणारं, उड्या मारणारं असेल तर हगवण बहुधा आपोआप थांबते. दूध सोडलं तर तासभरही थांबू नका, त्याला अँटिबायोटिक खरोखर लागू शकतं.

लिदीचा नमुना औषध सुरू होण्याआधी द्या. कल्चर केल्यावर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. एका निगेटिव्ह रिपोर्टवर मात्र हुरळू नका. साल्मोनेला रोज लिदीत पडत नाही, म्हणून डॉक्टर तीन ते पाच नमुने मागतात.

साल्मोनेला माणसालाही होतो. हात साबणानं धुवा; क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत. आजारी घोड्याचं फावडं, बादली वेगळी. फरशी आधी घासा, मग ब्लीचिंगचं पाणी. लीद तशीच असेल तर ब्लीचिंग वाया.

कोनाडा मी रिकामा केलाय. आता तिथं थर्मामीटर असतो.