घराचं ऊबदार डिजिटल चित्र पाहताना या चुका टाळा

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर एक चित्र येतं. खिडकीबाहेर पाऊस, आत पिवळा दिवा, खुर्चीवर गोधडी, गोधडीवर मांजर. आपण बदाम टाकून पुढे सरकतो. काय आवडलं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: मांजर!

सगळ्यात मोठी चूक हीच, वस्तू मोजत बसण्याची. गोधडी, पुस्तकं आणि वाफाळता कप कोणीही काढतो. ऊब येते उजेडातून. डोळे किलकिले करून पाहा; तपशील पुसले जातात आणि फक्त गडद-फिके ठोकळे उरतात. नजर आपोआप दिव्यापाशी जाऊन थांबली, तर चित्र जमलंय. मग खिडकीतला निळसर-करडा भाग बोटाने झाका. दिवा लगेच मवाळ वाटायला लागेल, कारण त्याचा पिवळेपणा त्या गार रंगाच्या शेजारामुळेच उठून दिसत होता. कोपरे मुद्दाम अंधारे ठेवलेले असतात तेही यासाठीच. त्यांना 'काळपट झालंय' म्हणून नावं ठेवू नका.

चित्र खरोखरच मळकट किंवा पिवळट दिसत असेल, तर आधी फोन तपासा. स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग, म्हणजे नाइट लाइट, आयफोनवर नाइट शिफ्ट किंवा ट्रू टोन, सुरू असेल, तर चित्रकाराने निवडलेले रंग तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. ते बंद करा, ब्राइटनेस मध्यावर आणा. कडा धूसर दिसत असतील, तर बहुधा चित्र व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलंय आणि वाटेत दाबलं गेलंय. पाठवणाऱ्याला तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

'कम्प्युटरच करतो सगळं' हे वाक्य तर पुण्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. रेषा, मूळ रंग, सावल्या आणि उजेड वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, रचावे लागतात, आणि दिव्याचा उजेड भिंतीवर कुठे संपेल हे माणूसच ठरवतो. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये काढलेल्या चित्राचा टाइमलॅप्स, म्हणजे ते कसं घडत गेलं याचा वेगवान व्हिडिओ, सहसा आपोआप नोंदला जातो. ओळखीच्या चित्रकाराकडे तो मागून बघा.

अजून एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: आपण खोलीत उभे आहोत की बसलेलो? फरशीच्या आणि कपाटाच्या मागे जाणाऱ्या रेषा मनातल्या मनात लांबवा. त्या जिथे मिळतात, ती चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. ऊबदार चित्रांत ती बरेचदा टेबलाच्या जरा वर, बसलेल्या माणसाइतकी असते. म्हणून तर 'आत जाऊन बसावं' असं वाटतं.

शेकोटी आणि बर्फ असला तरच घर उबदार, हाही एक गैरसमज. आपल्याकडे जुलैतली झड, शहाबादी फरशी आणि कोनाड्यातला दिवा पुरतो. मात्र वाड्याचं चित्र असेल, तर थोडं कडक व्हा. वाड्यात दिवसा उजेड येतो चौकातून. ओटीवर भरपूर, माजघरात जेमतेम. सगळं घर सारखंच लख्ख दिसत असेल, तर चित्रकाराने वाडा फक्त फोटोत पाहिलाय असं खुशाल समजा. शंका असेल तर पुण्याच्या विश्रामबागवाड्यात एक चक्कर मारा.

आणि आवडलं म्हणून स्क्रीनशॉट काढून थेट प्रिंटवाल्याकडे धावू नका. ए-४ आकाराला ३०० पीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. तेवढी फाइल चित्रकाराकडून विकत घ्या, नाहीतर त्याच्याकडूनच प्रिंट मागवा. फोनची स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही; त्यामुळे दिव्याभोवतीचा झगझगीत नारिंगी छपाईत थोडा फिका पडणारच. आधी छोटा नमुना काढून घ्या. घरी आणल्यावर ते पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मात्र टांगू नका. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावा, आणि फ्रेमला चकचकीत काच नको, नाहीतर चित्राऐवजी समोरचा टीव्हीच दिसत राहील.