बिझनेस स्कूलच्या वर्गमित्रांशी नाते टिकवायचे असेल, तर स्नेहमेळावा कसा आखावा?

एमबीएची वर्षे थोडी असतात, पण फार दाट असतात. रात्रभर जागून केस (एखाद्या कंपनीपुढच्या निर्णयाचा अभ्यासाला दिलेला प्रसंग) सोडवणारा अभ्यासगट, एकमेकांच्या मुलाखतींची करून घेतलेली तयारी आणि प्लेसमेंटच्या आठवड्यातली धाकधूक यांमुळे एरवी दहा वर्षांत होणार नाही इतकी ओळख त्या काळात होऊन जाते. त्यामुळे ही माणसे आपल्यापासून कधी दुरावतील असे त्या वेळी वाटतच नाही. पुढे नोकऱ्या बदलतात, देश बदलतात, घरच्या जबाबदाऱ्या वाढतात, आणि तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा व नोकरीच्या जाहिराती यांखेरीज काही उरत नाही. अशा वेळी कोणीतरी स्नेहमेळाव्याची कल्पना मांडतो, शंभर अंगठे वर होतात आणि पुढे काहीच घडत नाही. ते घडावे आणि घडल्यानंतर टिकावे, यासाठी नेमके काय करावे लागते ते येथे सांगायचे आहे. मेळाव्याची संध्याकाळ हा या कामाचा सर्वांत दिसणारा भाग असला, तरी नाते टिकते ते दोन मेळाव्यांच्या मधल्या काळात कोणी काय केले यावर, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या वर्गमित्रांचे महत्त्व भावनेपुरते नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांचा अभ्यास मांडला होता. ज्या व्यक्तीकडून नोकरीची माहिती मिळाली तिला त्या काळात वरचेवर भेटणारे त्यांच्यात सुमारे १७ टक्केच होते. बाकीच्यांना ती माहिती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. रोज भेटणाऱ्या माणसांना साधारणपणे आपल्याला माहीत असते तेच माहीत असते. दूर गेलेला माणूस मात्र वेगळ्या जगातली बातमी आणतो. २०११ साली डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी कामाचा अनुभव असलेल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना किमान तीन वर्षे संपर्क नसलेल्या जुन्या परिचितांशी बोलून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला सांगितले, आणि अशा सुप्त नात्यांतून मिळालेला सल्ला चांगलाच उपयोगी व नवा ठरला. विश्वास जुना असतो आणि माहिती नवी असते, म्हणून हे घडते. बिझनेस स्कूलची तुकडी म्हणजे अशा सुप्त नात्यांचा मोठा साठाच होय.

आधी यादी, मग तारीख

बहुतेक तुकड्या आधी तारीख आणि जागा ठरवतात आणि मग माणसे शोधू लागतात. क्रम उलटा हवा. पहिले काम तुकडीच्या पूर्ण यादीचे. संस्थेच्या माजी विद्यार्थी कार्यालयाकडून मूळ पटावरची नावे मिळवावीत, कारण आपल्या आठवणीतून आणि ग्रुपमधून केलेल्या यादीत शांत स्वभावाची, दुसऱ्या विभागातली किंवा मध्येच अभ्यासक्रम सोडून गेलेली माणसे हमखास गळतात. यादीत कार्यालयीन ईमेल पत्ते असतील तर ते बदलून वैयक्तिक पत्ते मागून घ्यावेत. नोकरी बदलली की कार्यालयीन पत्ता बंद होतो आणि माणूस यादीतून नाहीसा होतो. हरवलेल्यांना शोधण्यासाठी लिंक्डइन सर्वांत उपयोगी पडते, मात्र लग्नानंतर किंवा अन्य कारणाने आडनाव बदललेल्या मैत्रिणी जुन्या नावाने सापडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या अभ्यासगटातल्या किंवा वसतिगृहातल्या सोबतिणींना विचारणे अधिक फलदायी ठरते.

यादी करताना प्रत्येकाकडून स्पष्ट परवानगी घ्यावी: फोन क्रमांक सर्वांना दिसावा का, राहते शहर दाखवावे का, की फक्त संयोजकांकडे माहिती राहावी? ही यादी विमा विकण्यासाठी, गुंतवणूकदार शोधण्यासाठी किंवा भरतीसाठी कोणालाही द्यायची नाही, हा नियम पहिल्याच पत्रात लिहावा. एकदा जरी यादीचा असा गैरवापर झाला, तरी पुढची अनेक वर्षे लोक संयोजकांच्या संदेशाकडे संशयाने पाहतात.

संयोजनासाठी तीन ते पाच जण पुरेत, पण ते तुकडीच्या वेगवेगळ्या गटांतले असावेत. एकाच मित्रमंडळाने मेळावा भरवला, की उरलेल्यांना तो त्यांचा खासगी समारंभ वाटतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये पहिल्या वर्षाचे विद्यार्थी साधारण ९० जणांच्या सेक्शनमध्ये विभागलेले असतात आणि दर पाच वर्षांनी भरणाऱ्या मेळाव्यांतही सेक्शनची वेगळी भेट महत्त्वाची असते. त्यामागचा विचार कोणत्याही तुकडीला लागू पडतो. माणूस शेकडो जणांच्या तुकडीसाठी प्रवास करत नाही, ज्या पंधरा-वीस जणांबरोबर तो बसला, भांडला आणि जेवला त्यांच्यासाठी करतो. म्हणून प्रत्येक जुन्या अभ्यासगटातून एकाला जबाबदारी द्यावी आणि आपल्या गटातल्या प्रत्येकाला त्याने स्वतः फोन करावा. सामूहिक संदेशाला न येणारे उत्तर अशा फोनला येते.

तारीख किमान एक वर्ष आधी जाहीर करावी. परदेशातून येणाऱ्यांना रजा आणि तिकिटे यांची सोय लागते, शाळकरी मुले असलेल्यांना सुट्ट्या पाहाव्या लागतात. सर्वांना सोयीची तारीख कधीच मिळत नाही. दोन-तीन पर्याय देऊन आठवडाभरात मत घ्यावे आणि निर्णय जाहीर करून टाकावा. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मतदानात सगळ्यांचा उत्साह आटतो.

जे येणार नाहीत असे वाटते त्यांच्यासाठी

बिझनेस स्कूलच्या मेळाव्याला एक खास अडचण असते, आणि तिचा विचार न करणारे संयोजक नंतर उपस्थिती कमी का झाली याचे कोडे सोडवत बसतात. या तुकडीने एकमेकांना पहिल्या दिवसापासून क्रमवारीत पाहिलेले असते: कोणाला किती गुण, कोणाला कोणती कंपनी, कोणाला किती पगार. ज्याचा व्यवसाय बुडाला, जी आई-वडिलांच्या आजारपणामुळे नोकरीबाहेर राहिली, ज्याची नोकरी गेल्याच महिन्यात गेली, त्यांच्या मनात मेळाव्याचे निमंत्रण वाचताच पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘आता काय करतोस?’ याला काय उत्तर द्यायचे, हा. खरे तर अशाच दिवसांत जुन्या मित्रांची सर्वाधिक गरज असते.

त्यामुळे निमंत्रणाचा सूर आणि कार्यक्रमाची रचना या दोन्ही गोष्टी जपून ठरवाव्यात. छातीवरच्या नावपट्टीवर हाक मारायचे नाव ठळक अक्षरांत आणि शक्य असल्यास प्रवेशाच्या वेळचे छायाचित्र असावे. हुद्दा आणि कंपनी नसावी. यशस्वी वर्गमित्रांचे सत्कार, कोण कोणत्या पदावर आहे याच्या यादीचे वाचन, ‘आमच्या तुकडीचे किती जण सर्वोच्च पदी पोहोचले’ असा तक्ता यांना फाटा द्यावा. तुकडीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, पण व्यासपीठावरून वाटला जाणारा अभिमान मागच्या रांगेतल्या माणसाला घरी पाठवतो. परिचयाची फेरी घ्यायचीच असेल, तर ‘सध्या कशात मन रमते’ किंवा ‘इथे शिकलेली कोणती गोष्ट खोटी ठरली’ असा प्रश्न द्यावा. याचे उत्तर प्रत्येकाजवळ असते.

पैशाचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. एकाच तुकडीत गुंतवणूक बँकेत काम करणारे आणि स्वयंसेवी संस्थेत काम करणारे असे दोघेही असतात, त्यामुळे सर्वांत श्रीमंतांना परवडेल अशी जागा निवडणे हा अनेकांना न बोलता वगळण्याचा प्रकार होतो. मूळ वर्गणी माफक ठेवावी, ज्यांना शक्य आहे त्यांनी अधिक द्यावे, आणि त्या रकमेतून काही जणांची वर्गणी गुपचूप भरली जावी. कोणाची भरली हे एकाच संयोजकाला माहीत असावे. हिशेब दोघांच्या सहीने चालावा आणि मेळाव्यानंतर पंधरा दिवसांत सर्वांना पाठवावा. उरलेल्या रकमेचे काय करायचे ते आधीच ठरलेले असावे. संस्थेसाठी देणगी गोळा करायची असल्यास तिचे आवाहन वर्गणीत मिसळू नये, वेगळ्या पत्राने आणि वेगळ्या वेळी करावे. अनेक संस्था मेळाव्याच्या वर्षीच तुकडीकडून देणगीची अपेक्षा ठेवतात आणि त्यात गैर काही नाही, पण भेटीला आलेल्या माणसाला आपण देणगीदार म्हणून बोलावले गेलो असे वाटता कामा नये.

निधन पावलेल्या वर्गमित्रांची नावे खात्री करूनच घ्यावीत, कुटुंबीयांना आधी कळवावे, आणि त्यांची इच्छा असल्यास त्यांना बोलवावे. हा भाग थोडक्यात, पण कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच असावा.

कार्यक्रमात काय असावे

मोकळा वेळ भरपूर ठेवावा, भाषणे शक्य तितकी कमी. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा सोडून पुढे गेलेल्या तरुणांच्या मैत्रीचा दीड वर्ष मागोवा घेतला होता. भेटीगाठी कमी झाल्या की मैत्रीतली जवळीक उतरते, ती टिकवण्यात स्त्रियांना बोलण्याचा आणि पुरुषांना एकत्र काही करण्याचा अधिक उपयोग झाला, असे त्यात आढळले. म्हणून निव्वळ बसून जेवण्याच्या कार्यक्रमापेक्षा काहीतरी एकत्र करण्याला जागा द्यावी. सर्वांत चांगला प्रकार म्हणजे जुन्या वर्गात, जुन्या जागांवर बसून, शक्य असल्यास जुन्याच प्राध्यापकांकडून एक केस पुन्हा शिकणे. तीच कंपनी, तोच निर्णय आणि आता प्रत्येकाच्या पाठीशी वर्षांचा अनुभव, यामुळे एका तासात जी चर्चा रंगते ती परिचयाच्या दहा फेऱ्यांतून होत नाही. सोबत येणाऱ्या जोडीदारांना आणि मुलांना दिवसभर अनोळखी आठवणी ऐकत बसावे लागू नये, यासाठी अर्धा वेळ सर्वांसाठी आणि अर्धा फक्त तुकडीसाठी, अशी स्पष्ट विभागणी करावी.

मेळावा संपल्यावर

खरी कसोटी पुढच्या दहा दिवसांत लागते. आनंद ताजा असताना सुधारलेली यादी, परवानगी असलेली छायाचित्रे आणि हिशेबाला लागणारा वेळ कळवणारे छोटे पत्र सर्वांना जावे. ते न येऊ शकलेल्यांनाही जावे, कारण पुढच्या वेळी येण्याचा त्यांचा निर्णय याच पत्रावर बराच अवलंबून असतो. प्रत्येकाने तीन जणांना स्वतंत्रपणे लिहावे, अशी विनंती त्यात करावी. मेळाव्यात ‘नंतर सविस्तर बोलू’ असे आपण ज्यांना म्हणालो, ते हे तिघे.

दोन मेळाव्यांमध्ये पाच वर्षांचे अंतर फार असते. मधल्या काळासाठी वर्षातून एकदा निघणारे तुकडीचे पत्र मला सर्वांत भरवशाचे साधन वाटते. प्रत्येकाने पाच-सहा ओळी लिहायच्या, एका संपादकाने त्या जुळवायच्या आणि ठरलेल्या महिन्यात पाठवायच्या. ग्रुपवरचा संदेश वाहून जातो, पत्र शोधून पुन्हा वाचता येते. शहरवार छोट्या भेटी स्थानिक मंडळींवर सोपवाव्यात. दूरदृश्य बैठक ठेवायची असेल, तर तिची वेळ आळीपाळीने बदलावी, नाहीतर एकाच खंडातल्या मित्रांना कायम मध्यरात्री जागावे लागते.

अनेक वर्षांनी एकट्याने एखाद्याला लिहिताना संकोच वाटतो, विशेषतः काम असेल तेव्हा. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की समोरच्याला आपल्या अनपेक्षित संदेशाचे किती बरे वाटेल याचा अंदाज पाठवणारे कमी बांधतात. तेव्हा लिहावे. संदेशात एक नेमकी आठवण, लिहिण्याचे खरे कारण आणि नकार देण्याची मोकळीक, या तिन्ही गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ: ‘ऑपरेशन्स विषयाच्या परीक्षेआधी तू मला रात्री दोनपर्यंत शिकवलेस ते अजून आठवते. मी सध्या औषधांच्या वितरणाच्या व्यवसायात उतरण्याचा विचार करतो आहे आणि तू त्या क्षेत्रात आहेस, म्हणून अर्धा तास बोलायला आवडेल. सध्या जमणारे नसेल तर निःसंकोच सांग.’ काम लपवून आधी गोड चौकशी करणे आणि चौथ्या संदेशात मुद्द्यावर येणे टाळावे. समोरचाही त्याच वर्गात शिकलेला असतो, त्याला ते लगेच कळते. मदत मिळाल्यास पुढे काय झाले ते मात्र जरूर कळवावे. बहुतेक जण हेच विसरतात आणि पुढची विनंती त्यामुळेच अवघड होते.

जे कधीच उत्तर देत नाहीत, त्यांना प्रत्येक मेळाव्याला दोनदा विचारावे आणि थांबावे. वार्षिक पत्र मात्र त्यांनी नको म्हणेपर्यंत चालू ठेवावे. पुढच्या मेळाव्याचे संयोजक याच मेळाव्यात, सर्वांसमोर निवडावेत, आणि यादी, परवानग्यांची नोंद, खात्याची कागदपत्रे व पासवर्ड महिनाभरात त्यांच्या हाती द्यावेत. जुन्या संयोजकांपैकी एकाने आणखी वर्षभर त्यांच्याबरोबर राहावे, म्हणजे कोणाला फोन करावा लागतो आणि कोणाला पत्र पुरते, ही कोठेही न लिहिलेली माहितीही पुढे जाते.