ॲप तपासायला नवा फोन घेताय? आधी वापरणाऱ्याच्या हातातला फोन बघा

मी ठाण्यात कोपरीला राहते आणि दुधाचे रतीब घालणाऱ्यांसाठी एक ॲप बनवते. कुणाकडे किती लिटर, कोणी चार दिवस गावाला जातोय म्हणून दूध बंद सांगितलंय, महिन्याचं बिल किती झालं, एवढंच त्याचं काम. पहाटे साडेचारला पोरं पिशव्या उचलतात तेव्हा हे ॲप त्यांच्या हातात असतं. त्यामुळे तपासणीचा फोन कसा हवा, हे माझ्या आवडीवर ठरत नाही, त्या पोरांच्या खिशावर ठरतं.

ओळखीतलं कोणी ॲप बनवायला लागलं की हमखास विचारतं, "ताई, कुठला फोन घेऊ?" मी उलट विचारते: तुझं ॲप कोण वापरणार आहे, आणि तुझ्याकडे आत्ता कुठले फोन आहेत? या दोन याद्यांमधली जी जागा रिकामी राहते, तो फोन घ्यायचा. तपासणीसाठी चांगला फोन तोच, जो तुमच्या ॲपची लफडी तुमच्यासमोर बाहेर काढतो. सगळं लोण्यासारखं चालवणारा महागडा फोन हौसेने स्वतःला घ्या, पण त्याच्यावर ॲप पास झालं म्हणून निर्धास्त होऊ नका.

यादी कशी करायची

ॲप प्ले स्टोअरवर असेल तर काम सोपं आहे. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर, वापरणाऱ्यांचे फोन मॉडेलनुसार, अँड्रॉइडच्या आवृत्तीनुसार आणि रॅमनुसार दिसतात. तिथेच क्रॅशचे आकडेही असतात. एखाद्या एकाच मॉडेलवर रोजच्या वापरकर्त्यांपैकी ८ टक्के किंवा त्याहून जास्त लोकांना ॲप बंद पडण्याचा अनुभव आला, तर गूगल त्या मॉडेलवर तुमचं ॲप कमी दाखवू शकतं आणि स्टोअरच्या पानावर इशाराही लावू शकतं. म्हणजे सरासरी ठीक असली तरी एक मॉडेल तुमचं नाव खराब करू शकतं. असं मॉडेल यादीत दिसलं तर बाकी विचार थांबवून तोच फोन शोधा.

ॲप अजून बाहेर आलंच नसेल तर लोकांत जा. मी नौपाड्यात दुधाची गाडी येते तिथे पोरांचे फोन मागून घेते आणि चार गोष्टी टिपते: मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, रॅम आणि रिकामी जागा. रिकाम्या जागेकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण खरी मेख तिथेच असते. सुप्रभातच्या व्हिडिओंनी गच्च भरलेल्या फोनवर तुमचं ॲप फोटो जतन करायला जातं तेव्हा काय होतं, हे कोऱ्या फोनवर कधीच कळत नाही. नवा फोन आणला की मी त्यात मुद्दाम कचरा भरते.

आवृत्ती

अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीत वागणं बदलतं आणि ते बदल नेमके आपल्या वर्मावर बसतात. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवायलाही वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते. अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना अचूक वेळेच्या अलार्मची परवानगी आपोआप मिळत नाही. पहाटे चार पंचवीसला गजर वाजवणाऱ्या माझ्या ॲपसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य केलं, म्हणजे ॲप त्या आवृत्तीच्या नियमांनुसार बांधलं, की स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत भरते आणि तळाचं बटण नेव्हिगेशनच्या पट्टीखाली जाऊन बसतं. आणि पळवाट नाही, कारण ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर किमान एपीआय ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, हे लक्ष्य ठेवावं लागतं.

म्हणून नवा फोन घेताना त्याला किती वर्षं अपडेट मिळणार हे बघा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. स्वस्तात बघायचं तर सॅमसंगच्या ए१६ ला सहा अँड्रॉइड अपग्रेड जाहीर झालेली आहेत. मात्र घरातला जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका आणि अपडेटही करू नका. एकदा वर गेलेली आवृत्ती खाली आणणं फार कटकटीचं असतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे सेटिंग्जमधल्या ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या यादीत, आपोआप सिस्टिम अपडेट होण्याचा एक स्विच असतो, जुन्या फोनवर तो बंद करून टाका.

रात्रभर झोपवून बघा

एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, असताना खरा फोन कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हाच मुद्दा सांगते. बॅटरी वाचवायला निवांत पडलेल्या फोनमधल्या ॲपना झोपवण्याची 'डोझ' ही सोय गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ पासून आणली. तिचे नियम लिहिलेले आहेत, एम्युलेटरवर तपासताही येतात. पण फोन बनवणाऱ्या कंपन्या त्यावर आपापले नियम चढवतात. कुठे ॲपला 'ऑटोस्टार्ट'ची वेगळी परवानगी द्यावी लागते, कुठे बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' निवडावं लागतं, आणि काही फोनवर अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप वर सरकवून टाकलं की ते पुरतं मरतं: गजर नाही, नोटिफिकेशन नाही. हे एम्युलेटरवर दिसणार नाही, आणि पिक्सेलवरही नाही.

तेव्हा फोन आणल्यावर पहिल्याच रात्री ही परीक्षा घ्या. ॲप टाका, पहाटेचा गजर लावा, सर्व्हरवरून पहाटे एक नोटिफिकेशन सुटेल अशी व्यवस्था करा, ॲप यादीतून सरकवून टाका, चार्जर काढा आणि झोपा. चार्जर काढायला विसरू नका, चार्जिंगला लावलेला फोन डोझमध्ये जात नाही. सकाळी काय वाजलं, काय आलं आणि किती उशिरा आलं हे लिहून ठेवा. मग सेटिंग्ज बदलून पुढच्या रात्री पुन्हा. यातून फक्त बग सापडत नाहीत, तर ग्राहकाला दाखवायचं 'हे दोन स्विच चालू करा' असं पानही तयार होतं. माझ्या ॲपमध्ये ते पान फोनच्या कंपनीनुसार बदलतं, आणि पोरांचे तक्रारीचे फोन येणं त्यामुळेच कमी झालं.

फोन निवडताना याचा अर्थ इतकाच: तपासणीचे दोन फोन असतील तर ते एकाच कंपनीचे नकोत. एक गूगलच्या मूळ वळणाचा, दुसरा भरपूर स्वतःची सजावट करणाऱ्या कंपनीचा.

भाषा मराठी करा, आजच

फोन घेतल्यावर मी पहिल्यांदा त्याची भाषा मराठी करते. मराठी निवडली की आकडे घडवणारं साधं फॉरमॅटिंग इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंक देतं. हिंदीत सहसा असं होत नाही, म्हणून हिंदीवर तपासून खूश झालेले लोक इथे फसतात. पडद्यावर ते छान दिसतं, पण तोच दीड लिटरचा आकडा दशांश चिन्हासकट सर्व्हरकडे गेला की सर्व्हर त्याला संख्या मानत नाही आणि बिल कोलमडतं. पडद्यासाठीचे आकडे आणि सर्व्हरसाठीचे आकडे वेगळे घडवा, दुसऱ्यासाठी लोकेल, म्हणजे कोणत्या भाषेच्या पद्धतीने आकडा लिहायचा ते, कोडमध्ये स्पष्ट सांगा. हे एम्युलेटरवरही दिसतं, पण तिथे भाषा बदलायचं सुचतं कोणाला?

अक्षरांचं मात्र खऱ्या फोनवरच बघावं लागतं. काही कंपन्या देवनागरीचा स्वतःचा फॉन्ट देतात आणि त्याची उंची वेगळी असते. माझी कसोटी एका बटणावर असते: 'पूर्ण'. पू च्या खाली ऊकार, र्ण च्या डोक्यावर रफार. बटणाची उंची पक्की बांधलेली असेल तर दोन्हींपैकी एक कापलं जातंच. मग अक्षरांचा आकार सर्वात मोठा करा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. डेअरीच्या मालकांचं वय बघता मोठी अक्षरं हीच त्यांची रोजची सेटिंग आहे.

खोक्यावरचे आकडे

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सोडून द्या, तुमचं ॲप कॅमेऱ्याचं नसेल तर. रॅमकडे मात्र नीट बघा. दुकानदार म्हणेल, "ताई, आठ जीबी आहे," आणि खोक्यावर बारीक अक्षरांत चार अधिक चार लिहिलेलं असेल. ते दुसरे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. तपासणीसाठी तो चार जीबीचाच फोन, आणि तुम्हाला बहुधा तोच हवा असतो. स्टोरेज ईएमएमसी या संथ प्रकारचं आहे की यूएफएस या वेगवान, हेही विचारा. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असतं आणि डेटाबेस उघडताना तुमच्या ॲपचा आळस तिथेच दिसतो. सर्वात स्वस्त फोनपैकी काहींवर अजूनही ३२ बिटचं अँड्रॉइड असतं. नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे थेट प्रोसेसरसाठी बांधलेला तयार कोड, वापरत असाल तर असा एक जवळ असू द्या.

उलट टोकाला, नेटिव्ह कोड असेल तर १६ केबी मेमरी पेजचीही, म्हणजे मेमरी मोठ्या तुकड्यांत वाटणाऱ्या फोनचीही, तयारी हवी. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपसाठी प्ले स्टोअरने ती अट घातली. पिक्सेल ८ आणि त्यानंतरच्या पिक्सेलवर डेव्हलपर ऑप्शन्समधून फोन त्या अवस्थेत सुरू करता येतो. ॲप फक्त कोटलिन किंवा जावा या भाषांत लिहिलेलं असेल तर याची चिंता नको, पण आत कुठली बाहेरची लायब्ररी नेटिव्ह कोड घेऊन बसलीय का ते तपासा.

दोन सिमची सोय हवीच. दोन कंपन्यांची सिम घाला आणि घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरा. दार बंद होतं, नेटवर्क जातं, आणि पोरगा नेमका तेव्हाच 'पूर्ण' दाबतो. ती नोंद विसाव्या मजल्यावर टिकली का, आणि खाली आल्यावर दोनदा तर गेली नाही ना? येऊरच्या चढावर वेगळी गंमत: रेंजच्या दांड्या दिसतात, डेटा हलत नाही. पावसात ओल्या अंगठ्याने जाड टेंपर्ड ग्लासवर दाबून बघा, म्हणजे बटणं किती मोठी करायची ते कळेल.

दुकानात

गोखले रोड असो की वाशीचं सेक्टर १७, सीलबंद खोका कोणी उघडून देणार नाही, आणि डेमोचा फोन बऱ्याचदा दुकानासाठी बांधून ठेवलेला असतो. तरी 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात का ते बघायला काय जातं? शाओमीच्या फोनवर ही टिचकी ओएसच्या आवृत्तीवर मारायची असते. तिथे केबलने ॲप टाकायचा वेगळा स्विच असतो, आणि तो चालू करायला सहसा शाओमीचं खातं आणि आत सिम लागतं. ऐन कामाच्या वेळी सिम शोधत बसू नका.

जुन्या आवृत्तीचा फोन हवा असेल तर सेकंडहँडच घ्यावा लागतो, आणि तिथे लॅपटॉप व केबल घेऊनच जा. केबल डेटाची हवी. फक्त चार्जिंग करणाऱ्या केबलवर लॅपटॉपला फोन दिसतच नाही आणि आपण फोनला दोष देत बसतो. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'पॉइंटर लोकेशन' चालू करून बोटाने सगळ्या स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघा ओढा. रेघ जिथे तुटते तिथे टच मेलेला आहे. आधीच्या मालकाचं गूगल खातं काढून, फोन रिसेट करून, तुमच्यासमोर सुरू करून घ्या. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्या आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर उत्तरात कळतं. नवा फोन असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिल व्यवसायाच्या नावाने मागा, फोनवर १८ टक्के कर आहे.

आयफोनचं थोडक्यात. दूधवाल्यांकडे नाहीत, पण हिरानंदानीतल्या ग्राहकांकडे आहेत. आयफोनसाठी ॲप बनवायचं तर मॅक लागतो. फोनवर, आयओएस १६ पासून, डेव्हलपर मोड चालू करावा लागतो. फुकटच्या खात्याने टाकलेलं ॲप सात दिवसांत थांबतं, आणि पैसे भरून घ्यायचं खातं वर्षाला ९९ डॉलर. गूगलचे एकदाच २५. ग्राहक पैसे द्यायला तयार होईपर्यंत मी सेकंडहँड आयफोनही घेतला नसता.

गूगलकडे १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस बंदिस्त चाचणीत राहावं लागतं. हे बारा जण निवडताना मित्र नकोत, यादीतल्या रिकाम्या जागा भरणारे लोक हवेत. मी दुधाच्या गाडीजवळच विचारलं. जो फोन विकत घ्यावा लागला असता, तो कोणाच्या ना कोणाच्या खिशात होताच.